सहउत्क्रांती अल्गोरिदमसाठी निवड पद्धत कशी पारखावी: ससाणा-कबुतराच्या खेळावर करून बघण्याचा प्रयोग

साध्या जेनेटिक अल्गोरिदममध्ये, म्हणजे उत्तरांचा समुदाय पिढी-दर-पिढी सुधारत नेणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, निवड पद्धत (कुणाची संतती पुढे जाणार हे ठरवायची रीत) कोणती घेतली यावरून फारसं अडत नाही. रूलेट व्हील (गुणांच्या प्रमाणात संतती) घ्या, टूर्नामेंट (मोजक्यांतला सरस उचलणं) घ्या किंवा वरचे निम्मे ठेवून खालचे निम्मे टाकून द्या. उत्तराचा चांगुलपणा म्हणजे उंची धरली, तर डोंगर तोच असतो आणि शिखर जागचं हलत नाही. कुणी लवकर पोचतं, कुणी उशिरा, कुणी मधल्याच टेकडीवर अडकतं. त्यामुळे निवड म्हणजे वेग कमी-जास्त करणारा भाग, अशी आपली समजूत होऊन बसते.

सहउत्क्रांतीत हीच समजूत घात करते. तिथे प्रतिस्पर्धी एकमेकांसोबतच उत्क्रांत होतात. प्रत्येकाचा फिटनेस, म्हणजे कामगिरीचे गुण, समोर कोण उभा आहे यावर ठरतो, आणि समोरचाही बदलत असतो. डॅनी हिलिस यांनी १९९० साली १६ संख्यांची सॉर्टिंग नेटवर्क (ठरलेल्या तुलना करून संख्या क्रमाने लावणाऱ्या रचना) अशी वाढवली होती: एका बाजूला नेटवर्क, दुसऱ्या बाजूला त्यांना चुकवायला टपलेली चाचणी-उदाहरणं. एरवी ६५ तुलनांवर अडलेला शोध या झगड्यामुळे ६१ वर आला. तेव्हा माहीत असलेलं सर्वोत्तम नेटवर्क ६० तुलनांचं होतं. असं यश पाहिलं की आपणही आपल्या प्रश्नाला प्रतिस्पर्धी जोडतो. मग आलेख सतत वरखाली होत राहतो, किंवा समुदाय एकाच डावपेचावर जाऊन गोठतो, आणि बहुतेक जण कोडमध्ये बग शोधायला लागतात. बग बऱ्याचदा नसतोच. निवड पद्धत तिच्या स्वभावाप्रमाणे वागत असते, आणि कोणतं उत्तर टिकू शकेल हेही तीच ठरवत असते. हे ओळखायची सोपी तपासणी खाली देतो. कागद-पेन्सिल पुरे, पन्नास ओळींचा प्रोग्रॅम लिहिलात तर उत्तमच.

पायरी १: उत्तर आधीच माहीत असलेला खेळ घ्या

आपल्या खऱ्या प्रश्नावर निवड पद्धत पारखता येत नाही, कारण बरोबर उत्तर काय हेच तिथे ठाऊक नसतं. म्हणून जॉन मेनार्ड स्मिथ आणि जॉर्ज प्राइस यांनी १९७३ साली मांडलेला ससाणा-कबुतराचा खेळ घेऊ. ससाणा भांडून घेतो, कबुतर भांडण टाळतं. दोन ससाणे भिडले की दोघांचं नुकसान. ससाण्यासमोर कबुतर आलं की ससाणा सगळं नेतो. दोन कबुतरं वाटून घेतात.

मी हे गुण वापरतो:

ससाणा विरुद्ध ससाणा: प्रत्येकी १
ससाणा विरुद्ध कबुतर: ससाण्याला ९, कबुतराला ३
कबुतर विरुद्ध कबुतर: प्रत्येकी ६

समुदायातलं ससाण्यांचं प्रमाण 'प' धरा. प्रत्येक जण सगळ्यांशी खेळला तर ससाण्याची सरासरी ९ − ८प येते आणि कबुतराची ६ − ३प. दोन्ही सारख्या होतात त्या ठिकाणी प = ०.६. त्याच्या खाली ससाणे फायद्यात, वर कबुतरं फायद्यात, म्हणजे दोन्ही बाजूंनी ढकल ०.६ कडेच. हाच या खेळाचा नॅश समतोल, म्हणजे एकट्याने डावपेच बदलून कुणाचाच फायदा होत नाही अशी स्थिती, आणि उत्क्रांतीच्या दृष्टीने स्थिर असलेलाही हाच. समतोल मुद्दाम ०.५ वर ठेवलेला नाही. अगदी मध्यावर ठेवला तर सममितीमुळे काही दोष झाकले जातात आणि पद्धत आहे त्यापेक्षा शहाणी वाटते.

या पायरीवर म्यूटेशन (संततीत होणारे यादृच्छिक बदल) आणि क्रॉसओव्हर (दोन पालकांची सरमिसळ) बंद ठेवा. आपल्याला फक्त निवड बघायची आहे.

पायरी २: रूलेट व्हीलने मोजपट्टी तयार करा

फिटनेसच्या प्रमाणात संतती देणारी निवड म्हणजे टेलर आणि यॉंकर यांनी १९७८ साली मांडलेल्या रेप्लिकेटर समीकरणाचं (सरासरीहून सरस जातीचा वाटा वाढतो, हे सांगणारं) पिढ्यांमधलं रूप. ससाण्यांचा नवा वाटा म्हणजे ससाण्यांनी मिळवलेले गुण भागिले सगळ्यांनी मिळवलेले गुण. ०.२२ पासून सुरुवात करून हाताने करून बघा:

०.२२, ०.२८, ०.३३, ०.३९, ०.४४, ०.४८, ०.५१, ०.५३…

विसाव्या पिढीच्या आसपास आकडा ०.६ ला जवळजवळ टेकतो आणि तिथेच राहतो. समतोलाजवळ उरलेलं अंतर दर पिढीला सुमारे ०.७१ पट होत जातं. जितकं जवळ, तितकं पाऊल लहान. पुढच्या पायऱ्यांमध्ये ही लहान होत जाणारी पावलंच कळीची ठरणार आहेत.

गुण शून्याच्या वर आणायला आपण सगळ्यांत एखादी स्थिर संख्या मिळवतो. तिने समतोल हलत नाही, पण वेग हलतो. वरच्या प्रत्येक गुणात आणखी ९७ मिळवले तर तेच अंतर दर पिढीला ०.९९ पट होतं, आणि छोट्या समुदायात योगायोगाचे धक्के त्या ढकलीपेक्षा मोठे ठरतात. म्हणून गरजेपुरतंच मिळवा.

पायरी ३: आता ट्रंकेशन लावा

फिटनेसने रांग लावायची, वरचे निम्मे ठेवायचे, प्रत्येकाच्या दोन प्रती करायच्या. सुरुवात पुन्हा ०.२२.

ससाणे फायद्यात आहेत, म्हणून सगळे वरच्या निम्म्यात बसतात आणि दुप्पट होतात: ०.४४. अजूनही ०.६ च्या खाली, म्हणून परत दुप्पट: ०.८८. आता कबुतरं फायद्यात. ती ०.१२ होती, ०.२४ झाली, म्हणजे ससाणे ०.७६. पुढे कबुतरं ०.४८, ससाणे ०.५२. इथपर्यंत ठीक वाटतं, समतोलाभोवती घुटमळणं चाललंय इतकंच. पण ०.५२ ला ससाणे पुन्हा फायद्यात आहेत आणि निम्म्याहून जास्तही आहेत. वरचा अख्खा निम्मा भाग ससाण्यांनीच भरतो. पुढची पिढी: १.

कबुतरं संपली. एकही उरलं नाही, आणि म्यूटेशन नसेल तर परत येणारही नाही. ज्या क्षणी समुदाय बरोबर उत्तरापासून फक्त ०.०८ दूर होता, त्याच क्षणी अल्गोरिदमने ते उत्तर कायमचं गमावलं. प्रमाण ०.५ ते ०.६ च्या मध्ये कुठेही आलं की हेच होतं.

मग निवड सौम्य करून बघावी असं सुचतं. फक्त तळाचे १० टक्के काढून त्या जागी वरच्या १० टक्क्यांच्या प्रती ठेवा. आता चाल अशी होते: ०.२२, ०.३२, ०.४२, ०.५२, ०.६२, ०.५२, ०.६२, ०.५२… कुणी संपत नाही, पण कुणी थांबतही नाही. ०.५९९ वर नेऊन ठेवलं तरी पुढची उडी ०.६९९ वरच जाते. फरक केवढा आहे हे या पद्धतीला दिसतच नाही. पुढे कोण एवढंच दिसतं. ससाणा २ गुणांनी पुढे असो की एका हजारांशाने, बक्षीस तेवढंच. समतोल म्हणजे दोघांचा फरक शून्य होण्याची जागा, आणि फरकाचं माप ज्या पद्धतीला कळत नाही तिला त्या जागेजवळ पाऊल आखडता येत नाही.

इव्होल्यूशन स्ट्रॅटेजी ही जेनेटिक अल्गोरिदमची भावंड पद्धत वापरणाऱ्यांनी हे खास लक्षात घ्यावं. शंभर संततीतून पन्नास निवडून त्यांनाच पालक करणं म्हणजे वरचंच निम्म्याचं ट्रंकेशन.

पायरी ४: रँकिंग आणि टूर्नामेंट यांच्याकडून वेगळी अपेक्षा नको

दोघांची टूर्नामेंट (कुठल्याही दोघांतला सरस उचलणं) आणि पूर्ण ताणाचं रेषीय रँकिंग (रांगेतल्या क्रमानुसार संतती, पहिल्याला सरासरी दोन, शेवटच्याला शून्य), या दोन्हींचं सरासरी वागणं एकच येतं. ससाणे फायद्यात असताना नवं प्रमाण प × (२ − प), कबुतरं फायद्यात असताना प × प. ०.५ पासून: ०.७५, ०.५६, ०.८१, ०.६५, ०.४३, ०.६७… हे कधी स्थिरावत नाही. टूर्नामेंट सोपी, जलद आणि फिटनेसच्या एककांची फिकीर न करणारी म्हणून लोकप्रिय आहे. एककांची फिकीर नसणं म्हणजेच फरकाचं माप फेकून देणं. साध्या प्रश्नात तो गुण. मिश्र समतोल (ज्यात एकाहून जास्त डावपेच टिकून राहतात) शोधताना तोच दोष.

पायरी ५: बोल्ट्झमन निवडीत तापमान मोजून ठरवा

इथे प्रत्येकाचं वजन फिटनेसच्या घातांकी फलनाने ठरतं, आणि 'बीटा' हा आकडा (तापमानाचा व्यस्त) निवडीचा दाब सांगतो. या पद्धतीला फरक दिसतो, म्हणून ०.६ हा बिंदू जागेवर राहतो. तो समुदायाला धरून ठेवतो की दूर फेकतो हे मात्र बीटावर अवलंबून. आपल्या खेळात समतोलाजवळचं अंतर दर पिढीला १ − १.२ × बीटा पट होतं. बीटा ०.५ असेल तर ०.४ पट, म्हणजे रूलेटपेक्षाही झपाट्याने स्थिरावतं. बीटा १.६७ च्या पुढे गेला की अंतर वाढायला लागतं: आधी दोन पिढ्यांचं चक्र, मग अधिक लांब चक्रं, आणि पुढे सरळ केऑस, म्हणजे अंदाज बांधता न येणारी चाल.

बीटा ५ ठेवून ०.५ पासून चाला. पहिली पिढी ०.९२. दुसरी ०.००३७. दोनशेच्या समुदायात ०.००३७ म्हणजे एक ससाणासुद्धा भरत नाही. गणितात तो पुढच्या पिढीत उसळून वर येतो, पण कॉम्प्यूटरवर तो बहुधा मेलेला असतो.

बोल्ट्झमनच्या गोंधळातही एक गोष्ट हाती लागते, आणि ती मला फार सुंदर वाटते. दर पिढीला ससाणे-कबुतर गुणोत्तराचा लॉगरिदम नेमका बीटा × फिटनेसमधला फरक एवढाच सरकतो. दोन्ही जाती जिवंत राहून तो लॉगरिदम मर्यादेत फिरत असेल, तर खूप पिढ्यांवरच्या फरकाची सरासरी शून्याकडेच जायला हवी. फरक प्रमाणाशी रेषीय आहे, म्हणजे प्रमाणाची सरासरी ०.६ वर येणार. एकेक पिढी बघाल तर वेडीवाकडी, पण सगळ्या पिढ्यांची सरासरी बरोबर! ट्रंकेशनला ही सोय नाही. पायरी ३ मधल्या ०.५२ आणि ०.६२ ची सरासरी ०.५७ आहे, आणि वेगळ्या ठिकाणाहून सुरुवात केलीत तर तीही वेगळी येते.

पायरी ६: प्रत्येकाला किती प्रतिस्पर्धी देता ते बघा

आतापर्यंत प्रत्येक जण सगळ्यांशी खेळत होता. शंभरांच्या समुदायात, स्वतःशी धरून, ५,०५० जोड्या. खऱ्या कामात एकेक सामना काही सेकंदांचा असतो, म्हणून आपण प्रत्येकाला चार-दोन प्रतिस्पर्धी देऊन मोकळे होतो. माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, आणि इथेच सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं.

टोकाची स्थिती घ्या: प्रत्येकाला एकच सामना. समुदाय शंभरांचा आणि बरोबर समतोलावर, ६० ससाणे, ४० कबुतरं. सरासरीने निकाल असे लागतील:

२४ ससाणे कबुतराला भेटले: ९ गुण
१६ कबुतरं कबुतराला भेटली: ६ गुण
२४ कबुतरं ससाण्याला भेटली: ३ गुण
३६ ससाणे ससाण्याला भेटले: १ गुण

निम्म्याचं ट्रंकेशन वरून पन्नास उचलेल: २४ ससाणे, १६ कबुतरं आणि ३ गुणवाली १० कबुतरं. पुढच्या पिढीत ससाणे ४८. तेच ट्रंकेशन कडक करून वरचे २० टक्केच ठेवा: सगळे ससाणे. खेळ तोच, समुदाय तोच, फक्त कात्री कुठे चालवली यावरून एकदा ससाणे घटले आणि एकदा कबुतरं नामशेष झाली.

बोल्ट्झमनमध्ये पायरी ५ मधला गुणी बीटा, ०.५, लावा. घातांकी वजन ९ गुणवाल्यांना इतकं फुगवतं की ससाणे एका पिढीत ०.६ वरून ०.८४ वर जातात. ससाण्याचे गुण १ ते ९ पसरलेले, कबुतराचे ३ ते ६. सरासरी सारखी असूनही ज्याचा पसारा मोठा त्याला बोल्ट्झमन उचलून धरतो. नशीबवान ससाण्याला तो गुणवान समजतो.

आता रूलेट. ससाण्यांची एकूण कमाई २४ × ९ + ३६ × १ = २५२. कबुतरांची १६ × ६ + २४ × ३ = १६८. वाटा २५२ भागिले ४२० = ०.६. तसूभर हलला नाही. कारण साधं आहे: गुणांच्या प्रमाणात वाटणी ही रेषीय क्रिया आहे, आणि रेषीय क्रियेला सरासरी आधी काढली काय, नंतर काढली काय, सारखंच.

म्हणून आपल्या कोडमध्ये हे नक्की करा. चाचणीचा खेळ एकदा सगळ्यांशी सगळे असा चालवा, आणि एकदा खऱ्या कामात जेवढे प्रतिस्पर्धी देणार आहात तेवढेच देऊन. दोन्ही वेळा समुदाय वेगळ्या ठिकाणी स्थिरावला, तर खऱ्या कामातलं उत्तरही तुमच्या नमुन्याच्या आकाराने ठरवलेलं असणार. तेव्हा प्रतिस्पर्धी वाढवा किंवा निवड बदला.

पायरी ७: छोट्या समुदायाच्या खोड्या

स्वतःशी सामना. बरेच जण तो वगळतात. तसं केलं की ससाण्यासमोर समुदायातल्या ससाण्यांपेक्षा एक ससाणा कमी येतो, आणि समतोल ०.६ × समुदायाचा आकार अधिक १ असा सरकतो. शंभरांत ६१, पण दहांत ६ ऐवजी ७. समुदाय लहान असेल तर स्वतःशी सामना मोजा.

रूलेटचा योगायोग. चाक शंभर वेळा स्वतंत्रपणे फिरवलं तर ०.६ भोवती प्रमाण विचलन सुमारे ०.०५ पडतं. जेम्स बेकर यांनी १९८७ साली सुचवलेली पद्धत, म्हणजे सारख्या अंतरावरचे काटे लावून चाक एकदाच फिरवायचं, हा गोंगाट जवळजवळ नाहीसा करते. एका जातीचे सदस्य चाकावर शेजारी-शेजारी ठेवले तर त्यांची संख्या अपेक्षित आकड्याच्या लगतच्या पूर्णांकावरच राहते. रूलेट वापरणार असाल तर याच रूपात वापरा, दुसरं वापरायला मला काही कारण दिसत नाही.

म्यूटेशन. पाच टक्के संततीची जात उलटत असेल तर आपल्या खेळात समतोल ०.५७ च्या आसपास येतो, कारण म्यूटेशन सतत मध्याकडे ओढतं. म्हणून ते सगळ्यात शेवटी सुरू करायचं.

पायरी ८: आता आपल्या प्रश्नाकडे वळा

आधी ठरवा की तुम्हाला उत्तर कशा स्वरूपात हवंय. एकच डावपेच इतर सगळ्यांना पुरून उरतो अशी खात्री असेल, तर टूर्नामेंट आणि ट्रंकेशन चालतील, वेगही देतील. पण डावपेचांचं मिश्रण हवं असेल, किंवा मिश्रण असू शकेल अशी शंका जरी असेल, तर बेकरच्या रूपातलं रूलेट घ्या, नाहीतर सौम्य बीटाचं बोल्ट्झमन आणि भरपूर प्रतिस्पर्धी. ब्रँडाइस विद्यापीठात जॉर्डन पोलॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० नंतरच्या दशकात निवड पद्धतींचं असंच गेम थिअरीतून विश्लेषण केलं होतं. फिटनेसच्या प्रमाणातली निवड आणि सौम्य दाबाची बोल्ट्झमन निवड सोडली तर बाकीच्या तपासलेल्या पद्धती मिश्र समतोल बिघडवतात, हे त्यातून पुढे आलं.

तरीही रूलेट म्हणजे रामबाण समजू नका. दगड-कागद-कात्रीचा खेळ त्याच्या स्वाधीन करा. प्रत्येकी एक तृतीयांश हा समतोल आहे, पण पिढ्यांमध्ये चालणारी रेप्लिकेटर चाल त्याभोवती बाहेर-बाहेर जाणारी चक्रं घेते आणि शेवटी काठाला लागते. अशा चक्रीय खेळात आजच्या समुदायालाच स्मरणशक्ती समजणं ही मुळातली चूक आहे. आठवण बाहेर ठेवावी लागते. रोझिन आणि बेल्यू यांनी १९९७ साली 'हॉल ऑफ फेम'ची कल्पना याचसाठी मांडली: जुने विजेते जपायचे आणि नव्यांना त्यांच्याशीही खेळवायचं. २०१९ साली स्टारक्राफ्ट २ या व्हिडिओ गेममध्ये ग्रँडमास्टर पातळी गाठणाऱ्या अल्फास्टार या प्रोग्रॅमच्या प्रशिक्षणातही जुन्या खेळाडूंची अख्खी लीग जपलेली होती.

असा जुन्या विजेत्यांचा संग्रह जोडल्यावर पायरी १ पासूनची तपासणी पुन्हा करा, यावेळी दोन्ही खेळांवर, ससाणा-कबुतर आणि दगड-कागद-कात्री. दर पिढीला तीन आकडे नोंदवा: प्रत्येक जातीचं प्रमाण, जातींच्या सरासरी फिटनेसमधला फरक, आणि प्रमाणाची आतापर्यंतची सरासरी. फरक शून्याकडे जात असूनही प्रमाण उड्या मारत असेल तर निवड खूप कडक आहे. प्रमाण शांत असूनही फरक शून्य नसेल तर म्यूटेशन किंवा अपुरे प्रतिस्पर्धी समतोल सरकवताहेत. आणि एखाद्या जातीचं प्रमाण एकदम शून्य झालं, तर लगेच मागची पिढी उघडून तिथला फरक बघा. तो अगदी बारीक दिसला, तर कात्री निवडीचीच होती.